टेस्ट प्रेसिंग की प्रोमो? बेळगावच्या दमट हवेतून एक मत

दुकानात मिळणाऱ्या नेहमीच्या रेकॉर्ड पुरेशा जमल्या की मन दोन गोष्टींकडे ओढ घेतं: कारखान्याने तपासणीसाठी काढलेली टेस्ट प्रेसिंग, आणि रेडिओवाल्यांना, दुकानदारांना फुकट वाटलेली प्रोमो. दोन्ही नाद एकदम परवडत नाहीत. मी दोन्हीकडे हात घालून बघितला आणि शेवटी एकीकडे झुकलो. तुमचा कल वेगळा असू शकेल, तरी माझं गणित सांगतो.

टेस्ट प्रेसिंगची भुरळ मला कळते. लॅकरवरून (म्हणजे गाणं पहिल्यांदा कोरलेल्या तबकडीवरून) निकेलचा उलटा साचा, त्यावरून मदर म्हणजे सुलटी धातूची प्रत, मदरवरून स्टँपर म्हणजे रेकॉर्ड दाबायचा ठसा, आणि त्या स्टँपरमधून निघालेल्या पहिल्या मूठभर तबकड्या. टिकटिक येते का, भोक बरोबर मधोमध आहे का, हे बघायला काढलेल्या. स्टँपर नवा, म्हणून आवाज स्वच्छ, असं म्हणतात. माझ्या कानाला तबल्याच्या थापेत फरक जाणवला खरा. तो कानाचा होता की मोजलेल्या पैशांचा, हे छातीठोकपणे सांगणार नाही. शिवाय ती काढतातच मुळी चूक सापडावी म्हणून, त्यामुळे तपासणीत नापास झालेली प्रतही टेस्ट प्रेसिंगच म्हणून तुमच्या गळ्यात पडू शकते. (ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लॅकर चढवलेली असिटेट हे प्रकरण निराळं. ती वाजवाल तशी झिजते. विकणारे मात्र दोन्हींना एकाच नावाने खपवतात.)

मला खरा वैताग आणला तो टेस्ट प्रेसिंगच्या मधल्या पांढऱ्या लेबलने. त्यावर काही छापलेलंच नसतं. फार तर पेनाने लिहिलेला नंबर नि तारीख. जून ते सप्टेंबर आमच्या टिळकवाडीत कपाटातले कपडे ओलसर लागतात, तिथे लेबलचा कागद काय कोरडा राहणार? एका पावसाळ्यात शाई फुटली आणि नंबराच्या जागी निळा डाग उरला. मग ओळख पटवायची ती शेवटच्या खाचेपलीकडे, लेबलच्या कडेच्या गुळगुळीत जागेत कोरलेल्या मॅट्रिक्स नंबरावरून, म्हणजे त्या बाजूच्या साच्याच्या नंबरावरून. बॅटरी तिरकी धरा, भिंग लावा, डोळे बारीक करा. नंबर वाचता आला तरी बऱ्याचदा तो कव्हरवरचा कॅटलॉग नंबर नसतो. पडताळायला त्याच रेकॉर्डची दुकानी प्रत हाताशी हवी. इंग्रजी रॉकचे असले नंबर घरबसल्या जुळवता येतात. जुन्या नाट्यपदांच्या, भावगीतांच्या ईपींचे (बाजूला दोनेक गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डचे) मला तसे धड कधी सापडले नाहीत. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातून निघालेली म्हणून घेतलेली एक तबकडी सिद्ध करायला मी तिची जोडीदारीण शोधत कोल्हापूर नि हुबळी पालथी घातली आहे. एवढं करून कुणी घरी आलं की म्हणणार, ‘काय वो हे, कोरंच आहे की!’ परत बॅटरी काढा, भिंग काढा. हाताळून तबकडी खराब होते ते वेगळंच. आणि चोरटी रेकॉर्ड काढणाऱ्यालाही कोरं लेबल फार सोयीचं पडतं, हे डोक्यात ठेवा.

प्रोमोचं तसं नाही. लेबलवर नाव, नंबर, कलाकार, आणि वर ‘नॉट फॉर सेल’ किंवा ‘सँपल’. काही वेळा शिक्का थेट कव्हरवरच्या गायकाच्या गालावर मारलेला असतो. काहींना तो डाग वाटतो, मला पुरावा वाटतो. बीटल्सच्या ‘लव्ह मी डू’ची 1962 ची डेमो, म्हणजे प्रोमोच, प्रत घ्या. काढल्या होत्या फक्त 250, आणि लेबलवर मॅकार्टनीच्या स्पेलिंगमधला एक ‘सी’ गळलेला. आज ती प्रत त्या चुकीवरून ओळखतात. कोऱ्या लेबलवर चूक तरी कुठे छापणार?

प्रोमोत खोट नाही असं नव्हे. रेडिओ स्टेशनवर वाजलेली प्रत नेमक्या त्या एका गाण्यावर खरखरते, उरलेली बाजू नवी कोरी. अमेरिकेतल्या सात इंची प्रोमोंवर बऱ्याचदा दोन्ही बाजूंना तेच गाणं असतं, एकीकडे मोनो, दुसरीकडे स्टीरिओ; बी-साइडच्या, म्हणजे मागच्या बाजूच्या दुसऱ्या गाण्याच्या, आशेने घ्याल तर हिरमोड होईल. ‘नॉट फॉर सेल’ला फार बिचकू नये. प्रोमो सीडींच्या एका खटल्यात 2011 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने, पाठवून दिलेली प्रत घेणाऱ्याच्याच मालकीची, असं धरलं. इकडे तर मला कुणी हटकलेलंही नाही.

टेस्ट प्रेसिंगवर पैसे टाकावेत अशी एकच वेळ मला दिसते: बाजारात आलेल्या रेकॉर्डपेक्षा तिच्यात काही वेगळं असेल तेव्हा. गाळलेलं पद, निराळा क्रम, किंवा ती रेकॉर्ड बाहेर आलीच नसेल तर. इथल्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांची तशी एखादी तबकडी खडेबाजारात कुणी पुढे केली, तर मीही भाव न करता घेईन. पण नुसतं ‘पांढरं लेबल आहे, दुर्मीळ आहे, घ्या की वो’ एवढ्यावर नाही. आधी दोन्ही बाजू वाजवून दाखव म्हणेन, आणि त्याच पैशात शिक्क्याच्या दोन प्रोमो येतात का, ते बघेन. बहुतेक वेळा येतात.