ठोसेघरच्या सड्यावरचं मावशींचं घर : दोन रात्री मुक्काम

मी मिरजेत तंबोरे बनवतो. आमच्याकडे जवारी लावायचं काम माझ्या हातात असतं. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा धागा केसभर पुढं-मागं सरकवत बसायचं, नाद खुलेपर्यंत. आठ-दहा दिवस सलग हे काम केलं की कान शिणतात, रस्त्यावरचा साधा हॉर्नसुद्धा डोक्यात जातो. म्हणून वर्षातून एकदा मी आणि आमची मंडळी दोन दिवस शांत जागी जाऊन राहतो. या एप्रिलच्या शेवटी जिथं राहिलो त्या घराबद्दल लिहितोय.

साताऱ्यातून बोगद्याच्या रस्त्यानं सज्जनगडाला वळसा घालून ठोसेघर, आणि तिथून थोडं पुढं सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, कडेला वाडी. मुक्कामाला ठेवणाऱ्या मावशींच्या घराला पाटी नाही. ठोसेघरला चहाच्या टपरीवर विचारलंत की सांगतात. दोन खोल्या, सारवलेला ओटा, मागं गोठा. माणशी अकराशे रुपये, त्यात दोन वेळचं जेवण आणि सकाळचा चहा-पोहे.

गेल्या वर्षी याच भागात दुसरीकडे उतरलो होतो. जाहिरातीत ‘निवांत, निसर्गरम्य’ होतं. खिडकी उघडली तर दोनशे पावलांवर पवनचक्की. दिवसा काही वाटलं नाही, मंडळींनी तर फोटो काढले. रात्री वारा वाढला आणि सुरू झालं. पातं खांबासमोरून खाली येताना ‘हूऽऽफ’, क्षणभर कमी, मग दुसरं पातं. पंख्याचा आवाज थोड्या वेळानं माणूस विसरतो, पण ठेका असलेला आवाज कान सोडत नाही. आणि त्यावर यंत्राचा एक बारीक स्वर, वाऱ्याबरोबर श्रुतीभर चढायचा नि उतरायचा. पहाटे चारला मी अंगणात येऊन बसलो. सकाळी मालकांना सांगितलं तर म्हणाले, “आम्हाला सवय झालीय.” घरापासून ५०० मीटरच्या आत पवनचक्की असू नये, असं केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. ती त्याच्या कितीतरी आधी उभी राहिलेली. त्या घरातली लहान मुलं तो ठेका ऐकतच मोठी होतायत, हे माझ्या मनातून वर्षभर गेलं नाही.

मावशींच्या घरात आणि पवनचक्क्यांमध्ये डोंगराची एक सोंड आडवी आहे. पहिल्या रात्री जेवण झाल्यावर मी मुद्दाम ओट्यावर बसलो. रातकिडे. गोठ्यात म्हशीनं मान हलवली की साखळीचा आवाज. लांब कुठंतरी रातवा पक्षी, चक्-चक्-चक्. तो थांबला की जे उरतं ना, त्यात माणसाला स्वतःचा श्वास ऐकू येतो. षड्ज लावायच्या आधी गवई जी शांतता मागतो, ती ही. मी तासभर तसाच बसलो होतो.

जेवण चुलीवरचं. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, कच्च्या करवंदांचं लोणचं, वर ताक. पिठल्याला लसणाची फोडणी सढळ हातानं. दुसऱ्या दिवशी आम्ही तेच मागून घेतलं.

खरं मोल मात्र सकाळच्या फेरीचं. मावशींचा मुलगा सात वाजता सड्यावर नेतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही (आम्ही दिले). लांबून पाहिलं तर नुसता काळा कातळ आणि वाळलेलं गवत. त्यानं हातानं थांबवलं आणि एका दगडाकडे बोट केलं. बोटाएवढा सरडा, कातळाच्याच रंगाचा. मान वर केली आणि गळ्याखालची पिशवी पंख्यासारखी उघडली : चकाकता निळा, मग काळा, मग नारिंगी. मिटली. पुन्हा उघडली. मंडळींनी माझा हात घट्ट धरला होता. या सरड्याला २०१६ मध्ये वेगळी जात म्हणून शास्त्रीय नाव मिळालं, सरडा सुपर्बा. आपलाच शब्द, इथल्याच चाळकेवाडीच्या सड्यावरून जगात गेलेला. डोक्यावर एक कापशी घार एका जागी पंख मारत थांबली, तशी सगळे सरडे फटींत गडप.

दुपारी तो आम्हाला सोंडेपलीकडे, चक्क्यांच्या सड्यावर घेऊन गेला. कातळ फोडून केलेले रुंद रस्ते, खांबांभोवती सपाट केलेली खडी, तारा. सरडे तिथंही होते, उलट जास्तच. पण आमचा पाय हातभर अंतरावर येईपर्यंत हलेनात, आणि आभाळ रिकामं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी याच भागात मोजदाद केली, ती २०१८ मध्ये छापून आली : चक्क्यांच्या सड्यावर शिकारी पक्षी जवळपास चौपटीनं कमी, म्हणून सरडे वाढलेले, पण अंगानं रोडावलेले आणि निर्धास्त झालेले. वाचून कळलं असतं तरी डोळ्यांनी पाहिल्यावर पोटात कालवलं.

मावशींकडेही पवनचक्क्यांसाठी जागा विचारायला माणसं दोनदा येऊन गेली. “सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीला निरुपयोगी जमीन) लिहिलंय, तुम्हाला काय उपयोग,” असं ती माणसं म्हणाली. मावशींनी विचारलं, “मग पावसाचं पाणी मुरतं कुठं आणि झरा येतो कुठून? गुरं कुठं चारू?” पोटखराबा हा शब्द लिहिणाऱ्यानं सप्टेंबरात तिथं उभं राहून गेंदाची नि सीतेच्या आसवांची फुलं बघायला हवी होती. २००६ च्या पर्यावरण मंजुरीच्या यादीत पवनऊर्जा नाहीच, त्यामुळे सड्याच्या बाजूनं बोलायला कुठली सुनावणीही वाट्याला येत नाही. मला वीज नको असं नाही. शेजारच्या गावांना चक्क्यांमुळे रस्ता मिळाला, भाडं मिळालं, हे मावशीच सांगतात. पण जिथं कातळ आधीच फुटलाय, तारा गेल्यात, तिथं जुन्या चक्क्या काढून थोड्या, मोठ्या बसवा. उरलेल्या सड्याला हात लावू नका.

घराच्या अडचणीही सांगतो. शेवटचा दीड किलोमीटर रस्ता खडबडीत, छोटी गाडी खालून घासते. न्हाणीघर बाहेर, गरम पाणी बंबातलं. मोबाईलला रेंज फक्त चिंचेखाली. पैसे रोखच न्या. खोलीत एकच दिवा, वाचायचं असेल तर विजेरी लागेल.

फुलांच्या दिवसांत, सप्टेंबरात, खोल्या आधीच भरतात. पंधरा दिवस आधी निरोप द्या. आम्ही पुढच्या वर्षीचं एप्रिलचंच सांगून आलोय. सरडे गळा फुलवतात ते तेव्हाच.