हेवी लायसन्स, नोकरीची हमी आणि माझे ६३,००० रुपये

बायांनो, ट्रकवर ड्रायव्हर म्हणून लागायला कुणाकडे पैसे भरणार असाल, तर आधी हे वाचा. नोकरीची हमी देणाऱ्या एका बनावट ड्रायव्हिंग शाळेत माझे ६३,००० गेले. लोकांकडून "गेले असतील थोडेफार, बिनडोकच आहे" असं ऐकून डोकं फिरलंय, म्हणून हिशोब देते. नोंदणी २,५००. हेवीचं, म्हणजे जड ट्रकचं ट्रेनिंग १८,०००. लायसन्स १४,०००. मेडिकल आणि युनिफॉर्म ३,५००. गाडीची अनामत २५,०००, "सहा महिन्यांनी परत". ते २५,००० मी बचत गटातून उचलले, महिना दोन टक्क्यांनी. हप्ता अजून चालू आहे आणि दर बैठकीला त्याच बायांसमोर मान खाली घालून बसावं लागतं.

पद्धत काय असते ते तुम्हाला ठाऊकच आहे. व्हॉट्सॲपवर जाहिरात, महिना ३५,००० आणि वर भत्ता, हायवेलगत काचेचं ऑफिस. जाहिरातीत योगिता रघुवंशींचा फोटो टाकला होता. नंदुरबारला वाढलेली, वकिली शिकलेली ही बाई भोपाळहून देशभर ट्रक नेते, हे खरंच आहे. त्यांचा या लोकांशी काडीचा संबंध नाही, पण त्यांच्या कष्टाच्या नावावर यांनी दुकान मांडलं होतं. टेबलामागे मुद्दाम बाईच बसवलेली. "ताई, मीपण दोन लेकरांची आई आहे," हे तिचं पहिलं वाक्य.

तिने माझं लायसन्स हातात घेतलं, तारीख बघितली आणि जरा थांबली. तिथेच मी उठायला हवं होतं. हलक्या गाडीचं लायसन्स मिळून वर्ष झाल्याशिवाय ट्रान्सपोर्टचं, म्हणजे धंद्याच्या गाडीचं शिकाऊ लायसन्ससुद्धा मिळत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ७ मध्ये हे लिहिलेलं आहे. माझं वर्ष भरलेलं नव्हतं. खरी ड्रायव्हिंग स्कूल असती तर वर्ष भरल्यावर या म्हणाली असती. ही म्हणाली, "होऊन जाईल, बाहेरच्या राज्यातून बॅकलॉगला टाकू. १४,००० लागतील." बॅकलॉग म्हणजे जुनी कागदी लायसन्सं मागाहून कॉम्प्युटरवर चढवणं. आणि वर सुप्रीम कोर्टाचं नाव घेतलं. ६ नोव्हेंबर २०२४ चा निकाल एवढाच आहे की ७,५०० किलोपर्यंतची मालाची गाडी हलक्या लायसन्सवर चालते. हेवी म्हणजे १२,००० किलोच्या वरची गाडी, तिचा या निकालाशी काही संबंध नाही. "कोर्टानेच आता सगळं सैल केलंय ताई," म्हणाली. मी भावाची पिकअप भाजी घेऊन मार्केट यार्डात नेते, निकालाचं कानावर आलेलं होतं. अर्धी गोष्ट खरी निघाली की उरलेली अर्धीही खरी वाटते.

मला बिनडोक म्हणणाऱ्यांनी एक सांगावं, बाईने हे विचारायचं कुणाला? पुरुष हा धंदा शिकतो तो क्लीनर म्हणून. उस्तादाच्या शेजारी बसतो, टायर ठोकतो, रात्री रिकाम्या रस्त्यावर उस्ताद स्टिअरिंग हातात देतो. दोन-तीन वर्षांत गाडी येते, आणि कोण खरा, कोण दलाल, हेही कळतं. मला कोण क्लीनर म्हणून नेणार होतं? नेलं असतं तर गावाने काय म्हटलं असतं? आम्हाला फी आणि कागद हाच दरवाजा उरतो, आणि त्या दरवाज्यात हे लोक बसलेत.

ट्रेनिंगचंही तसंच. दहाचाकी एका प्लॉटवर उभी. इंजिन चालू करा, गिअर टाका, काढा, उतरा. रस्त्यावर गाडी नेली ती त्यांच्या माणसाने, आम्ही शेजारी. एअर ब्रेकचं प्रेशर कधी बघायचं, भरलेली गाडी घाटात कुठल्या गिअरमध्ये उतरवायची, एक अक्षर नाही. मला खटकत होतं. पण बाई आहे म्हणून बाजूला बसवतात, हे आयुष्यभर बघितलेलं, तेच समजून गप्प राहिले. नियम असा आहे की ट्रान्सपोर्टच्या गाडीचं ट्रेनिंग किमान ३० दिवसांचं आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान १५ तासांचं हवं. प्रत्येकीचे तास फॉर्म १५ च्या रजिस्टरमध्ये लिहावे लागतात. ते रजिस्टर मागा. शाळेची परवानगी फॉर्म ११ वर असते, ती भिंतीवर लावलेली नसेल तर पायरी उतरा.

माझ्यासोबतच्या एकीकडून आठवी पासच्या दाखल्याचे ४,००० घेतले. ही शिक्षणाची अट २०१९ मध्येच काढून टाकली आहे. नसलेल्या अटीचे पैसे!

जॉइनिंग लेटर घेऊन, बॅग भरून न्हावा शेवा बंदरावर गेले. गेटवरच्या माणसाने कागद नीट वाचलाही नाही. "ताई, हे लेटर घेऊन आणखी बाया येऊन गेल्या," म्हणाला. आत एका भल्या सुपरवायझरने माझा लायसन्स नंबर सारथीवर, म्हणजे सरकारच्या लायसन्सच्या साइटवर टाकून बघितला. तो नंबर भलत्याच पुरुषाच्या दुचाकी लायसन्सचा निघाला. हे बघायला दोन मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत. कार्ड हातात आल्याबरोबर परिवहनच्या साइटवर स्वतः बघा.

आता तक्रारीचं ऐका. आमच्या ठाण्यात म्हणाले, ऑफिस जिथे होतं तिथे जा. तिथे म्हणाले, तुम्ही राहता तिथे द्या. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं आहे. हे बोलले तर साहेब म्हणाले, "वकील आहात का? पैसे स्वखुशीने दिलेत, दिवाणी मॅटर आहे." खोटं लेटर, खोटं लायसन्स टेबलावर ठेवलेलं, आणि दिवाणी! वर हवालदाराने विचारलं, "बाईमाणसाला ट्रक हवाच कशाला?" त्या प्रश्नाचा माझ्या तक्रारीशी काय संबंध होता? मी पिकअप चालवत ठाण्यात गेले होते.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. तक्रारीचा नंबर दिला, पुढे काही नाही. ती लाइन पैसे जाताच काही तासांत लावली तर कामाची, खातं गोठवता येतं. माझ्या वेळी खातं रिकामं होऊन गेलेलं. आणि खातं तरी कुणाचं? कंपनीचं नाही, एका माणसाच्या नावाचं. स्कॅन केल्यावर स्क्रीनवर नाव आलं होतं. मी विचारलं तेव्हा "आमचे अकाउंटंट" म्हणाली. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात.

आरटीओत तर उलटंच. शाळा आमच्या यादीत नाही, म्हणजे आमचा विषय नाही. बिगरपरवाना शाळा यांच्या नाकासमोर हायवेवर बोर्ड लावून चालते, तो विषय कुणाचा मग? शेवटी त्यांनी ठेवणीतलं वाक्य काढलं: "खोटं लायसन्स तुमच्याकडे सापडलंय, तुम्हीच अडचणीत याल." या एका वाक्याने बाकीच्या बाया पळाल्या. दोघींनी कार्ड चुलीत घातलं. पुरावाच जाळला. ठगांना आणखी काय पाहिजे?

त्याच बाईने नंतर मला युरोपचं विचारलं होतं, ट्रक ड्रायव्हर, ३,५०,००० भरा. त्याला नाही म्हटलं, एवढंच वाचलं. परदेशी नोकरीसाठी नोंदणीकृत एजंटला ३०,००० आणि जीएसटी याहून जास्त घेता येत नाही, आणि त्याचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट साइटवरच्या यादीत असावं लागतं.

शिकाऊ लायसन्सची सरकारी फी एका प्रकारच्या गाडीला १५० आहे, चालवण्याच्या चाचणीची ३००. माझ्याकडून १४,००० घेतले. वर्ष भरेपर्यंत पिकअप, ४०७ चालवा, त्यातही भाडं मिळतं आणि हात बसतो. अनामत मागणारा मालक सोडून द्या. गाडीमालक ड्रायव्हरला ॲडव्हान्स देतो, घेत नाही.

माझ्या पावतीवर "ट्रेनिंग फी" नाही, "सल्ला शुल्क, नापरतावा" लिहिलंय. तुमच्याही पावतीवर तेच असेल तर जपून ठेवा. मी जिल्हा ग्राहक आयोगात गेले आहे. ५ लाखांपर्यंत तिथे फी लागत नाही, आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर विचारता येतं. आणि खोटं कार्ड घरात असेल तर जाळू नका, गाडीवर तर मुळीच वापरू नका. खऱ्या लायसन्सशिवाय पकडलात तर ५,००० दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करायला येते. लेखी तक्रारीला जोडून कार्ड ठाण्यात जमा करा आणि पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. मी तेच केलंय, आणखी चौघींनी केलं तर त्यांना हे दिवाणी म्हणता येणार नाही.