भरती-ओहोटीचं ॲप : मूर्तिजापूरहून अलिबागला जाताना काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आमच्याकडची मंडळी अलिबागला निघाली की आधी रेल्वेचं तिकीट काढतात, मग राहायचं बघतात, आणि कुलाबा किल्ल्याचं तिथं गेल्यावर पाहू म्हणतात. माझं सांगणं उलटं आहे. आधी समुद्राची वेळ पाहा, त्यावरून तारीख ठरवा, तिकीट त्यानंतर. गेल्या दिवाळीपासून मी मोबाइलवर भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणारं एक फुकटचं ॲप वापरतेय. आधी घरच्यांसाठी वापरलं, मग आमच्या बचत गटाच्या बायांची सहल ठरवताना. अशी ॲप बरीच आहेत आणि आतला मजकूर सगळ्यांत साधारण तोच, म्हणून नावात अडकत नाही.

कुलाबा किल्ला समुद्रात आहे. ओहोटीला किनाऱ्यावरून चालत जाता येतं, भरतीला मधे पाणी भरतं आणि होडी लागते. सहाशे किलोमीटर रेल्वेनं जाऊन वाळूवर उभं राहायचं आणि किल्ला लांबूनच पाहायचा, असं बऱ्याच जणांचं होतं. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासानं पुढं सरकते. त्यामुळं गेल्या वर्षी कोणी सकाळी दहाला चालत गेलं होतं, याला यंदा काही अर्थ नाही.

ॲपमध्ये दिवसाच्या दोन भरत्या, दोन ओहोट्या, त्यांच्या वेळा आणि पाण्याची उंची मीटरमध्ये दिसते. पुढच्या महिन्यांची पानंही उघडतात, आणि आपल्यासारख्या लांबच्यांना खरा उपयोग त्याचाच. पण पहिल्यांदा उघडाल तेव्हा बंदर स्वतः निवडा. मूर्तिजापुरात बसून ‘जवळचं ठिकाण’ दाबलं तर ते खंभातच्या आखाताकडचं बंदर दाखवतं, आणि तिथल्या वेळा अलिबागच्या कामाच्या नाहीत. मुंबईचं अपोलो बंदर निवडावं. अलिबाग तिथून जवळ, वेळेत फारसा फरक पडत नाही. ॲप इंग्रजीत आहे, मधेमधे जाहिराती येतात, त्या सहन कराव्या लागतात.

अलिबागच्या किनाऱ्यावर मासळी विकणाऱ्या एका मावशींना मी ॲप दाखवलं. त्यांनी पाहिलं आणि विचारलं, “आज तिथी काय?” मी चतुर्थी म्हटलं. “चार पाऊण तीन. तीनला भरती,” त्या म्हणाल्या. कोकणातला हा जुना हिशेब. तिथीला पाऊणनं गुणा, भरतीची वेळ येते. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. त्यातून सव्वासहा तास वजा केले की ओहोटी, म्हणजे चतुर्थीला सकाळी पावणेनऊच्या आसपास. घरी येऊन महिनाभर मी हा हिशेब ॲपशी ताडून पाहिला. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, त्यापलीकडं नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयात समुद्राचं वेळापत्रक लिहिलेलं असतं आणि आपल्याला वऱ्हाडात कोणी सांगत नाही, याचं मला फार वाटलं.

मग ॲप कशाला? उंचीसाठी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी भरपूर चढतं आणि तेवढंच खाली उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा पाणी ना धड चढत ना उतरत. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला येते, वेळ सोयीची वाटते, पण वाटेतलं पाणी पुरतं हटत नाही. पौर्णिमेला पाणी छान उतरतं, पण पहाटे नाहीतर दिवेलागणीला. या दोन्हींच्या मधे तृतीया-चतुर्थी बसते. ओहोटी सकाळी आठ ते नऊ, उन्हाचा त्रास नाही, आणि उधाण नुकतंच सरल्यामुळं पाणीही बऱ्यापैकी खाली. ओहोटीचा आकडा एका मीटरच्या आत असेल अशीच सकाळ मी धरते. किल्ल्यात आंग्र्यांच्या काळातलं गणपतीचं देऊळ आहे, त्यामुळं चतुर्थी म्हटल्यावर आमच्या बाया एका पायावर तयार झाल्या.

तारीख ठरली की मागे मोजायचं. द्वितीयेच्या संध्याकाळी अमरावती–मुंबई गाडी धरली की तृतीयेच्या पहाटे मुंबई. तिथून टॅक्सीनं गेटवे, लाँचनं मांडवा, आणि पुढं अलिबागपर्यंतची बस बऱ्याच लाँचवाल्यांच्या तिकिटातच असते. त्या दिवशी आराम, कान्होजी आंग्रे यांची समाधी, संध्याकाळी किनारा. किल्ला चतुर्थीच्या सकाळी. रेल्वेचं आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी उघडतं, पूर्वी 120 दिवस होते. तेव्हा द्वितीयेच्या तारखेपासून 60 दिवस मागे जाऊन तो दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि सकाळी आठला तयार राहा. परतीचं तिकीट त्याच्या दिवशी वेगळं उघडतं, तीही खूण करा. लाँच नको असेल तर पनवेलहून एसटी आहे. 2023 पासून बायांना अर्धं तिकीट आणि 75 वर्षांवरच्यांना 2022 पासूनच फुकट, त्यामुळं गटाला एसटीच परवडली.

महिना कोणता? सोयाबीन-कापसाच्या धांदलीत आपल्याला जमत नाही. तूर घरात आली की माघ-फाल्गुन बरा. तेव्हा अलिबागचा पांढरा कांदा निघतो, भौगोलिक मानांकन मिळालेला, आणि बाजारात त्याच्या वेण्या टांगलेल्या असतात. आमच्या बायांनी किल्ल्यापेक्षा त्या कांद्याचीच चौकशी जास्त केली, बी कुठलं, पाणी किती, भाव काय. पावसाळ्यात जाऊ नका. गेटवेच्या लाँच बंद असतात आणि समुद्र खवळलेला.

ओहोटीच्या तासभर आधी चालायला लागावं आणि पाणी परत चढायच्या आत वाळूवर यावं. आम्ही निघालो तेव्हा ओली वाळू नांगरटीच्या तासांसारखी रेघारेघांची झाली होती, घोट्याएवढं पाणी, पायाखाली शिंपल्यांची टोकं. “अवं, काल इथं समुद्र होता ना? गेला कुठं बाप्पा?” आमच्या गटातली सगळ्यात वयस्कर काकू तिथंच थांबली. तटाजवळ गेल्यावर दगड नीट पाहा. मोठाले दगड एकमेकांवर नुसते रचलेत, मधे चुना नाही, म्हणजे लाटेचं पाणी फटींतून जिरतं आणि भिंतीवर मार बसत नाही. आत गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे हे, हे पाहायला तरी थोडा वेळ राखून ठेवावा.

एक गोष्ट ॲप सांगत नाही, ती म्हणजे वारा. आकडा चांगला असला तरी समुद्र खवळलेला असू शकतो. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उंच लाटांचे इशारे देते, ते आदल्या दिवशी पाहावेत. आणि किनाऱ्यावरचा माणूस ‘आज नको’ म्हणाला तर नको. घोडागाडीवाल्यांना पाण्याची नस कळते, त्यांना विचारायला लाजू नका.

पैसे भरून घ्यायची आवृत्ती आहे, गरज नाही. मोबाइलला रेंज नसली की ॲपचं पान उघडत नाही, म्हणून घरून निघतानाच तीन दिवसांच्या वेळांचे स्क्रीनशॉट काढून गटातल्या दोघी-तिघींच्या मोबाइलवर पाठवून ठेवा.