जी-856 मॅग्नेटोमीटर: डिचोली-सत्तरीच्या जांभ्यावर कितपत कामाचा?

जिओमेट्रिक्स कंपनीचा हा प्रोटॉन मॅग्नेटोमीटर, म्हणजे जमिनीवरचं चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र, जुन्या धाटणीचा. गळ्यात अडकवायचा डबा, तुकडे जोडून उभी करायची काठी, टोकाला द्रव भरलेला सेन्सर. बटण दाबलं की तीनेक सेकंदांत आकडा येतो, तोही 0.1 नॅनोटेस्लापर्यंत (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक). साध्या टॉर्चच्या जाड सेलवर चालतो, ही रानात मोठीच सोय.

पण गोव्यात लोहखनिज शोधायला घेण्याआधी एक पक्कं समजून घ्या: हेमॅटाइट हे लोहखनिज याला जवळजवळ दिसतच नाही. गोव्यातून जहाजावर चढलेलं खनिज बहुतांशी तेच, आणि त्याचं चुंबकत्व अगदी क्षीण. यंत्र पकडतं तो मॅग्नेटाइट हे जोरदार चुंबकीय लोहखनिज असलेला पट्टेदार लोहखडक. पट्टा कुठे वळला, कुठे तुटला, जांभ्याखाली किती पुढे गेला, एवढं त्यावरून कळतं. खनिज किती टन, हा हिशेब बोअर मारूनच करायचा.

खरी डोकेदुखी जांभा. त्यातलं मॅगहेमाइट, हेही लोहाचं खनिज, जोरदार चुंबकीय असतं आणि पावलागणिक आकडा उड्या मारतो. उपाय काठीतच आहे. लहानशा खड्याचा परिणाम अंतराच्या घनाने घटतो, म्हणून सेन्सर एक मीटरवरून अडीच मीटरवर नेला की तो पंधराव्या हिश्शावर येतो. काजूच्या फांद्यांत काठी अडकते म्हणून मधूनच एक तुकडा काढला, तर त्या ओळीचे आकडे बाकीच्यांशी जुळणार नाहीत.

ट्यूनिंग, म्हणजे यंत्राला अपेक्षित क्षेत्राची जुळणी, 42 हजार नॅनोटेस्लाच्या आसपास ठेवा. सेन्सरमधल्या कॉइलचा अक्ष पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला काटकोनात हवा. इथे क्षेत्र बरंचसं आडवं, उत्तरेकडे. तेव्हा अक्ष पूर्व-पश्चिम धरा. प्रत्येक ठिकाणी दोन वाचनं घ्या. त्यांत दोन-तीन नॅनोटेस्लांहून जास्त फरक पडला तर आधी कमरपट्ट्याचं बक्कल, कोयता, मोबाइल तपासा. मग काटेरी तार आणि वीजवाहिनी. काहीच नसेल तर मॅग्नेटाइट इतकं जवळ आहे की क्षेत्राच्या तीव्र उतारामुळे सिग्नल लगेच विझतो.

एकच यंत्र घेऊन भागत नाही. दिवसभरात क्षेत्र तीस-चाळीस नॅनोटेस्लांनी सहज हलतं, म्हणून दुसरं यंत्र बेसवर, म्हणजे एकाच ठरलेल्या जागी, हा बदल नोंदत हवंच. लोहखडकाचे पट्टे वायव्य-आग्नेय जातात, तेव्हा ओळी ईशान्य-नैर्ऋत्य आखा: ओळींत 50 मीटर, वाचनांत 10.

नकाशा वाचताना मात्र भलेभले फसतात. इथे नती (क्षेत्राचा आडव्या पातळीशी कोन) जेमतेम 18 अंशांच्या आसपास, त्यामुळे खडकाच्या डोक्यावर बहुधा वाचनांचा खळगा येतो आणि उंचवटा दक्षिणेला सरकतो. उंचवट्याचा लाल रंग पाहून बोअर मारला की तो कोरडा जातो. उंचवटा खडकाच्या डोक्यावर आणू पाहणारं ‘ध्रुवावर आणण्याचं’ गणित एवढ्या कमी नतीला उत्तर-दक्षिण खोटे पट्टे उमटवतं. त्यापेक्षा अ‍ॅनालिटिक सिग्नल, म्हणजे क्षेत्राच्या उतारांवरून काढलेला नकाशा, बरा. काम बाहेर दिलं असेल तर कच्ची वाचनं आणि बेसची नोंद पैसे चुकते करण्याआधी मागून घ्या. नुसत्या रंगीत कागदावरून यातलं काहीच तपासता येत नाही.