‘निजामाचा वाघसापळा’ घेताना मी काय तपासलं नाही

जूनमधल्या पहिल्या पावसानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाटातल्या सापळ्याखालच्या पांढऱ्या कापडावर केशरी ठिपके दिसले. वाकून पाहिलं तर लोखंडावर बारीक थेंब उभे होते. बोट लावलं, बोटाला गंजाचं पाणी लागलं. हा सापळा मी फेब्रुवारीत 42,000 रुपये मोजून घेतला होता. निजामाच्या शिकारखात्याचा हा सापळा एका वाड्यात सव्वाशे वर्षं भिंतीला टांगलेला होता, असं मला सांगण्यात आलं होतं. पण कोरड्या जागी टांगलेल्या लोखंडाला असा घाम फुटत नाही. लोखंडात मीठ मुरलेलं असलं की पावसाळ्याची दमट हवा ओढून ते असं पाझरतं. नव्या वस्तूला जुनी दाखवण्यासाठी मिठाच्या पाण्यात किंवा ॲसिडात बुडवतात, मातीत पुरतात, हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं असूनही मी फसलो, म्हणून हे लिहितोय.

मी निवृत्त शिक्षक, मूळचा कन्नड तालुक्यातला. गेली वीस वर्षं जुनं लोखंड जमवतो. अडकित्ते, कुलपं, वजनं, आणि अलीकडे प्राण्यांचे सापळे. सापळ्यांचं वेड आजोबांमुळे. अजिंठ्याच्या डोंगरपट्ट्यात बिबट्या फार झाला तेव्हा शिकारखात्याची माणसं बैलगाडीतून भला मोठा दातेरी सापळा घेऊन आली होती, ही गोष्ट ते नेहमी सांगत. जुन्या वस्तूंच्या एका फोनवरच्या गटात ही गोष्ट मी मोठ्या हौसेनं लिहिली. आठवड्यानं एका माणसाचा फोन आला. त्याच्याकडे सापळा होता आणि तो म्हणे कन्नडकडच्याच एका जुन्या वाड्यातून निघाला होता. ती बैलगाडीसुद्धा त्याच्या बोलण्यात आली. माझीच गोष्ट तो मला परत सांगत होता, आणि मला ती खूण पटल्यासारखी वाटली.

जालना रस्त्यावरच्या एका ढाब्याच्या मागं त्यानं गाडीची डिकी उघडली. जबडा दीड फुटाचा, दात करवतीसारखे, वजन अकरा किलोच्या आसपास. बुडाच्या पट्टीवर इंग्रजी ठसा : ‘एच. ई. एच. निझाम’ आणि खाली 1890. सोबत प्लास्टिकमध्ये घातलेला एक पिवळा उर्दू कागद. "सर, हा कागद म्हणजे सापळ्याची पावती. बाहेरच्या देशात लाखांत जातो, पण तुम्ही जाणकार आहात म्हणून तुम्हाला द्यायलोय." पाच हजार मी आधीच फोनवरून पाठवले होते, बाकीचे तिथं रोख दिले. माझ्या पिशवीत मापाची कॅलिपर होती. ती मी बाहेर काढलीच नाही.

थेंब दिसल्यावर मात्र ती काढली. पट्टी नेमकी 6 मिलिमीटर जाड भरली. विलायती जुना माल इंचाच्या मापात असायचा. पाव इंची पट्टी 6.35 भरते. आपल्याकडे मेट्रिक मापं 1956 च्या कायद्यानंतर आली. गंजानं मापात थोडा फरक पडतो, म्हणून एवढ्यावर मी ठरवलं नाही. मग जबडा जिथं बसवला होता तिथला बोल्ट घासून स्वच्छ केला आणि पाना लावला. तेराचा पाना घट्ट बसला. आठ एमएमच्या बोल्टचं डोकं तेराचं असतं. 1890 च्या इंग्रजी बोल्टला हा पाना असा बसण्याचं कारणच नव्हतं. शिवाय त्या जुन्या सापळ्यांत जबड्याची टोकं बुडाच्या वर वळवलेल्या पट्टीच्या भोकात फिरतात आणि जोड रिव्हेटचे असतात.

ठशाचं तर मला तिथंच कळायला हवं होतं. मी इतिहास शिकवत होतो. ‘हिज एक्झॉल्टेड हायनेस’ ही पदवी इंग्रजांनी मीर उस्मान अली खानांना 1918 मध्ये दिली. 1890 मध्ये गादीवर महबूब अली खान होते, त्यांना ती नव्हती. म्हणजे ठसा आणि साल एकमेकांशी जुळतच नव्हते.

उर्दू कागद मला वाचता येत नाही. आमच्या गल्लीतल्या एका वयोवृद्ध चाचांनी वाचून दाखवला. आमच्याकडची जुनी पिढी निजामाच्या राज्यातल्या शाळेत उर्दूतूनच शिकली, पण असं वाचणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. कागद अस्सल होता. फक्त तो शेतसाऱ्याची पावती होता, 1342 फसली या महसुली सनाचा, म्हणजे साधारण 1932-33 चा. त्यात सापळ्याचा शब्दही नव्हता. कुणाच्या तरी घरातला खरा कागद खोट्या वस्तूला जोडला होता, आणि त्या घराचा एक पुरावा कायमचा गेला, याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

शेवटी सापळा गावच्या लोहारमामांकडे नेला. त्यांनी कमान, म्हणजे जबडा मिटवणारी स्प्रिंग, उलटी केली, मधोमध नखानं खरवडलं आणि म्हणाले, "गुरुजी, हा ट्रकचा पाटा हाय. हितं मधल्या बोल्टाचं भोक हुतं, वेल्डिंगनं बुजवलंय." खरवडल्यावर तिथं वेल्डिंगचा गोल डाग स्पष्ट दिसला.

माझ्याकडे एक खरा सापळा आहे, उदगीरच्या भंगारातून 450 रुपयांना घेतलेला, कोल्ह्याच्या मापाचा. त्यावर ‘एच. लेन’ असा पुसट ठसा आहे. इंग्लंडमधल्या वेडन्सफील्ड गावात हेन्री लेनसारखे कारखानदार असे सापळे बनवत. तिथंच पुढे 1954 च्या कायद्यानं 1958 पासून हा दातेरी प्रकार बंद झाला. दोन्ही सापळे शेजारी ठेवले की फरक दिसतो. खऱ्याचा गंज काळपट तपकिरी, घट्ट बसलेला, बोटाला लागत नाही. साखळीच्या कड्या जिथं एकमेकींना घासतात तिथं झिजल्यात. प्राण्याचा पाय पडतो त्या तबकडीचं भोक वापरानं लांबट झालंय. खोट्यावर सगळीकडे सारखा भुसभुशीत गंज, अगदी घासाच्या जागीही, आणि कड्या मात्र नव्यासारख्या गोल.

किंमतही यावरच ठरते : ठसा वाचता येतो का, साखळी, तबकडी, जबडा उघडा धरणारी अडकण मूळचे आहेत का, नंतर वेल्डिंग झालंय का. ग्राइंडर, ॲसिड किंवा रंग लावला की किंमत गेली. मी दोन दिवस रॉकेलमध्ये ठेवून पितळी ब्रशनं हलक्या हातानं घासतो, पूर्ण वाळल्यावर मेणाचा पातळ हात देतो. जवसाचं तेल चिकट होतं, धूळ धरतं. कमान कधीच चढवून ठेवू नका. तिचा ताण जातो आणि घरात लेकरं असतात, हात चिरडेल. रानात तर लावायचाच नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात सापळ्यात पकडणं ही शिकारच आहे.

‘बाहेरच्या देशात लाखांत जातो’ हे वाक्यही ऐकून घ्या. त्याच वर्षीच्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरची पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही आणि तिचा विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो. 1890 सांगणाऱ्याला मी परवाना विचारला असता, तर तो बहुतेक तिथूनच निघून गेला असता.

पोलिसांत तक्रार दिली, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही कळवलं. पण तोवर चार महिने गेले होते आणि तो नंबर बंद होता. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी फोन करा. रोख दिलेल्या पैशांची तर माझ्याकडे खूणसुद्धा नाही.

मागच्या आठवड्यात नांदेडच्या एका संग्राहक मित्रानं फोटो पाठवला. तोच ठसा, तेच 1890, किंमत 55,000. विकणारा म्हणतो, सापळा किनवटच्या जंगलातला आहे. मित्राचं आजोळ किनवटचं आहे, आणि ते त्यानं त्याच गटात लिहिलं होतं. मी त्याला पैसे पाठवण्याआधी तेराचा पाना घेऊन जायला सांगितलं.