नंबरच्या मास्कमधून बुडालेले जहाज: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मी वर्धा जिल्ह्यातील एका कापसाच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. माझे वय ४७ आहे. उजव्या डोळ्याचा नंबर उणे ५.५, डाव्याचा उणे ४.७५ आणि त्यात ०.७५ चा सिलिंडर नंबर आहे. (येथे सिलिंडर म्हणजे हवेची टाकी नव्हे, तर बुबुळाच्या असमान गोलाईसाठी लागणारा चष्म्याचा नंबर; पुढे टाकीही येणार आहे, म्हणून आधीच सांगितले.) आमच्याकडून रेल्वेने मुंबई गाठायची तरी साडेसातशे किलोमीटर जावे लागते, तेव्हा स्कूबा डायव्हिंगच्या मास्कविषयी या गावातून कोणी लिहावे हे विचित्र वाटेल. परंतु हा मास्क घेण्यापूर्वी चष्मेवाल्या माणसाने सविस्तर लिहिलेला मराठी अनुभव मला कोठेही सापडला नाही, आणि नऊ महिन्यांत त्याची विहीर, तलाव व समुद्र अशी तिन्ही पाण्यांत परीक्षा झाली आहे.

दोन वर्षांपूर्वी सहकुटुंब मालवणला गेलो असताना साध्या मास्कने एकदा पाण्याखाली उतरलो होतो. वर आल्यावर सर्वजण रंगीत माशांची वर्णने करीत होते. मला मात्र एक हिरवट पडदा आणि त्यात हलणारे काही ठिपके एवढेच दिसले होते. चष्मा लावून वर मास्क चढवता येत नाही, कारण चष्म्याच्या काड्या रबराच्या कडेखालून बाहेर येतात आणि तेथून पाणी आत शिरते. कॉन्टॅक्ट लेन्सचा विचार मी केला आणि सोडून दिला. एक तर वेचणीच्या दिवसांत आमच्याकडे हवेत धूळ आणि कापसाचा तूस असतो, आणि दुसरे म्हणजे विहिरी-तलावांच्या गोड्या पाण्यातला अमिबा लेन्सखाली अडकला तर बुबुळाला गंभीर संसर्ग होऊ शकतो. त्यामुळे नंबरच्या काचा बसवता येणारा मास्क हाच पर्याय उरला.

या मास्कला दोन स्वतंत्र काचा असतात, आणि चौकटीचा खटका काढून त्या जागी नंबरच्या काचा बसवता येतात. काचांची बाहेरची बाजू सपाट असते व सगळे वळण आतल्या बाजूला, म्हणजे हवेत असते. त्यामुळे पाण्यात गेल्यावर त्यांची शक्ती बदलत नाही. तयार काचा अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या टप्प्याने मिळतात आणि त्यांत सिलिंडर नंबर येत नाही. मास्क ३,९०० रुपयांना आणि काचांची जोडी ५,६०० रुपयांना पडली. ज्या विक्रेत्याकडून हे मागवले त्याने पहिल्या खेपेला डाव्या-उजव्या काचा उलट बसवून पाठवल्या होत्या. दोन दिवस डोके दुखले, तेव्हा कोठे मला ते कळले. खटका उघडून मीच त्या बदलल्या. काम पाच मिनिटांचे आहे, पण घरी पाठवलेला मास्क आधी एकेका डोळ्याने तपासावा.

नंबर ठरवण्याचा प्रश्न मात्र मी समजत होतो त्याहून नाजूक निघाला, आणि येथे तालुक्याच्या चष्म्याच्या दुकानदारांनी मला वाचवले. मी पूर्ण नंबर मागणार होतो. त्यांनी डाव्या डोळ्याच्या सिलिंडरचा निम्मा भाग मूळ नंबरात मिळवला, तो सुमारे उणे ५.१ झाला, आणि मग दोन्ही डोळ्यांना सुमारे अर्धा नंबर कमीच घ्या असे सांगितले: उजव्याला ५ आणि डाव्याला ४.५. त्यांनी स्वतः कधी समुद्रात बुडी मारलेली नाही, तरी त्यांचा तर्क पक्का होता. चाळिशीनंतर जवळचे वाचताना डोळ्यांवर ताण येतो, आणि पाण्याखाली जीव ज्याच्यावर अवलंबून असतो ते हवेच्या दाबाचे गेज जवळूनच वाचावे लागते. शिवाय पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचे प्रमाण, सुमारे १.३३ असल्यामुळे सपाट काचेतून वस्तू खऱ्या अंतराच्या पाऊणपट अंतरावर भासतात, म्हणजे ४० सेंटिमीटरवर धरलेले गेज ३० सेंटिमीटरवर असल्यासारखे डोळ्यांना वाटते. उलट दूरचे पाहायचे म्हणावे तर आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या पाण्यात बहुतेक वेळा पाच-सात मीटरपलीकडे काही दिसतच नाही. अर्धा नंबर कमी घेतल्याने तोटा जवळपास शून्य आणि फायदा मोठा, हे मी पुढे अनुभवाने मान्य केले.

पहिले चार महिने हा मास्क आमच्या शेतातल्या विहिरीत वापरला. मी लहानपणी पाठीला रिकामा डबा बांधून ज्या विहिरीत पोहायला शिकलो, तीच ही विहीर. काठावर बसलेल्या एका आजोबांनी पहिल्याच दिवशी विचारले, "गुरुजी, पाण्यात बी चष्मा लागते का जी तुमाले?" लागतो, असे मी सांगितले. श्रावणात पंपाच्या पाइपाला खालच्या टोकाशी काहीतरी अडकून पाणी ओढणे बंद झाले, तेव्हा श्वास रोखून तीनेक मीटर खाली जाऊन जाळीत गुंतलेली प्लास्टिकची पिशवी मी काढली. या कामासाठी पूर्वी नुसत्या हाताने चाचपडावे लागत असे. अर्थात हे काम दोर बांधून आणि काठावर दोन माणसे ठेवूनच करावे; पाणी कमी झालेल्या जुन्या विहिरीत साचलेल्या वायूने माणसे दगावतात आणि त्यापुढे कोणताही मास्क उपयोगाचा नाही.

नव्या काचेवर कारखान्यातला सिलिकॉनचा थर राहिलेला असतो आणि तो असेपर्यंत काच धुके धरते. पांढरी टूथपेस्ट बोटाने घासून धुणे, हे मी पाच वेळा केले. पण नंबरच्या काचेवर काही लेप दिलेला असेल तर घासण्यापूर्वी विचारून घ्यावे. त्यानंतर प्रत्येक बुडीपूर्वी थुंकी लावून विसळणे पुरेसे होते. ऐकायला किळसवाणे आहे, पण लहान मुलांचा शांपू लावूनही यापेक्षा चांगला परिणाम मला मिळाला नाही. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके आहेत की धुतलेला मास्क वाळला की पांढरे डाग उरतात, म्हणून शेवटचे धुणे ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या एटीएमचे शुद्ध पाणी आणून करतो.

मिशी हा माझा मोठा अडथळा ठरला. मास्कची सिलिकॉनची कड नाकाखाली ओठावर टेकते आणि मिशीच्या केसांमधून पाणी झिरपते. दुकानात सांगतात त्याप्रमाणे पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवून नाकाने श्वास आत ओढला की तो चिकटून राहतो, पण कोरड्या मिशीवरची ही परीक्षा फसवी आहे. कोणी तेथे व्हॅसलिन लावायला सुचवतात. त्याने सिलिकॉन खराब होऊ शकते, म्हणून मी ते केले नाही. शेवटी नाकाखालची बोटभर पट्टी मिशीच्या वरच्या कडेने भादरली. सौभाग्यवतींचे मत प्रतिकूल आहे. पाणी तरीही थोडे येते, परंतु आठ-दहा मिनिटांतून एकदा मास्कची वरची कड दाबून नाकाने श्वास सोडला की ते निघून जाते.

नोव्हेंबरात मालवणला डायव्हिंगचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केला. त्याने १८ मीटरपर्यंत उतरण्याची मुभा मिळते. त्यानंतर जानेवारीत पुण्याच्या भाच्याबरोबर गोव्याला गेलो. वर्ध्याहून मडगावची गाडी मिळते, प्रवासाला एक पूर्ण दिवस लागतो. रेल्वेने जाण्याचा एक फायदा असा की, दोन बुड्यांनंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन निघून जावा म्हणून विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास थांबावे लागते, ती चिंता येताना राहिली नाही. मुरगावच्या टोकापलीकडे ग्रँड आयलंडजवळ एका जुन्या पोलादी जहाजाचे अवशेष समुद्रतळाशी आहेत; डायव्हर मंडळी त्या जागेला 'सुझीज रेक' म्हणतात.

बोटीवर मास्कची पहिली खरी गैरसोय कळली. मास्क काढला की मी जवळपास आंधळा, आणि घातला तर वाफेने काच धूसर होते. मास्क कपाळावर सरकवून बसण्याची सवय वाईट आहे, कारण तो पाण्यात पडतो आणि डायव्हरांमध्ये ती अडचणीत सापडल्याची खूणही मानतात. मी जुना चष्मा दोरी लावून शाळेच्या डब्याच्या स्टीलच्या खालच्या पुडात ठेवला होता आणि तो डबा नावाड्याकडे दिला होता. ज्याचा नंबर मोठा आहे त्याने अशी सोय केल्याशिवाय बोटीवर चढू नये.

नांगराच्या दोराला धरून आम्ही खाली गेलो. दर मीटर-दीड मीटरला मास्कच्या नाकाच्या कप्प्यातून नाक दाबून कानांवरचा दाब सम करायचा असतो. हा कप्पा बोटांना सहज सापडतो, ही या मास्कची चांगली बाजू. पाच मीटरच्या खाली तांबडा रंग नाहीसा झाला आणि भाच्याच्या वेटसूटवरची लाल पट्टी तपकिरी दिसू लागली. नऊ मीटरवर पाण्याच्या हिरवट धूसरपणातून एक काळी, तिरपी रेघ पुढे आली, आणि दोनदा पाय मारल्यावर ती रेघ म्हणजे जहाजाची एक फासळी आहे हे कळले. तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. फळ्या काढून घेतलेल्या बंडीचा सांगाडा शेतात पडून राहावा तसे ते दिसत होते, फक्त प्रत्येक पट्टीवर शंख-शिंपल्यांचा खरबरीत थर चढला होता. टॉर्च लावताच पत्र्याचा गंज एकदम भगवा झाला. मी मालवणला जे ठिपके पाहिले होते त्यांना येथे कल्ले, खवले आणि डोळे होते. तांबोशीचा एक थवा पत्र्याच्या आडोशाला सर्व तोंडे एकाच दिशेला करून उभा होता, आणि मी जवळ गेलो तेव्हा त्यातल्या प्रत्येकाने एकाच वेळी वळून मला पाहिले, हेसुद्धा मला दिसले.

नंबरच्या काचेची किंमत वसूल झाली ती मात्र सौंदर्यामुळे नव्हे. पाण्याला हेलकावा होता. एका हेलकाव्याने मी पत्र्याच्या कडेकडे ढकलला गेलो आणि आधारासाठी हात पुढे जाणार, तेवढ्यात कडेखाली पट्ट्यापट्ट्यांचा एक लायनफिश पंख पसरून स्थिर असलेला दिसला. त्याचे काटे विषारी असतात. साध्या मास्कने मी त्याला शेवाळाचा झुबका समजून त्यावर हात टेकला असता. वस्तू जवळ भासत असल्यामुळे माझा हात तसाही अंदाजापेक्षा मागेच थांबत होता, पण त्या भरवशावर कोणी राहू नये. त्यानंतर थोड्याच अंतरावर फासळ्यांच्या टोकांना नायलॉनचे जुने जाळे अडकलेले होते. त्याचे धागे इतके बारीक होते की प्रशिक्षकांनी हाताने खूण केल्यावर, टॉर्चच्या उजेडात ते मला वेगळे दिसले. बुडालेल्या जहाजावर अशी तुटकी जाळी ही पत्र्याच्या धारेइतकीच धोक्याची असतात.

गेजचा काटा हात किंचित लांब धरल्यावर स्पष्ट वाचता आला; ताशीव आकडे नव्हे, पण काटा कोणत्या खुणेवर आहे ते निश्चित. २०० बार दाबावर सुरू झालेली हवेची टाकी ७० बारवर आल्यावर आम्ही वर निघालो. सर्वाधिक खोली १२ मीटरच्या आसपास होती आणि एकूण वेळ ३८ मिनिटे, त्यात वर येताना पाच मीटरवर सुरक्षेसाठीचा तीन मिनिटांचा थांबा. खोली आणि वेळ दाखवणाऱ्या मनगटावरच्या संगणकाचे लहान आकडे मात्र मला वाचता आले नाहीत, ते भाच्याने दाखवले. तासाभराच्या विश्रांतीनंतरच्या दुसऱ्या बुडीत उजवी काच धुक्याने भरली, कारण बोटीवर घाईत मी थुंकी लावायला विसरलो होतो. मास्कमध्ये मुद्दाम थोडे पाणी घेऊन, मान हलवून काच आतून धुतली आणि पाणी बाहेर फुंकले. अभ्यासक्रमात हे वीस वेळा करून घेतले नसते तर मी बहुधा घाबरून वर आलो असतो.

आता वस्तूची आजची अवस्था. काचांवर एकही ओरखडा नाही. पारदर्शक सिलिकॉनची कड पिवळसर झाली आहे. काळी घेतली असती तर हे दिसले नसते आणि बाजूने येणारा उजेडही कमी झाला असता. एप्रिल-मे महिन्यांत आमच्या पत्र्याच्या खोलीत उकाडा असह्य असतो, म्हणून मास्क धान्याच्या खोलीत, त्याच्या कडक डबीत ठेवायला हवा होता. मी तो महिनाभर खिळ्याला टांगला आणि नाकाचा कप्पा एका बाजूला दबला. कोमट पाण्यात ठेवून तो बराचसा पूर्ववत झाला. फेब्रुवारीत उंदराने पट्टा कुरतडला. नवा ३५० रुपयांना आला, तोही दुसऱ्या कंपनीचा असून बसला.

उणे दोनच्या आत नंबर असलेल्यांनी हा खर्च करू नये असे मला वाटते, कारण पाण्याखाली सगळे जवळ व मोठे भासत असल्याने साध्या मास्कनेही त्यांचे भागते. साठीकडे झुकलेल्यांनी खालच्या भागात वाचनाचा नंबर असलेली काच मिळते का ते विचारावे. मीही पुढच्या वेळी तीच घेणार आहे. १९८५ साली नौदलात आलेली आणि जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली 'आयएनएस गुलदार' ही युद्धनौका डायव्हिंगसाठी सिंधुदुर्गात निवतीच्या खडकांजवळ समुद्रतळाशी नेण्याची योजना राज्य सरकारने आखली. तिच्यावर उतरायचे तर संगणकावरचे आकडे मला स्वतः वाचता आले पाहिजेत, भाच्याला दर वेळी सुटी मिळेलच असे नाही.