जॉकी घासायची नसते: सीताबर्डीतल्या एका कंट्रोलर-दुरुस्तीच्या दुकानाबद्दल

टोमॅटोच्या रोपाला पाणी घालायला मी एक पाऊल डावीकडे टाकायची आणि माझी शेतकरीण थांबायचीच नाही. अंगठा उचलला तरी ती चालतच राहायची, थेट कुंपणाला जाऊन टेकायची. झारी उचलून ठेवायची तिसरीकडेच. पंधरा दिवस मी असं शेत केलं. शेवटी कंट्रोलर बाजूला ठेवला तेव्हा खरंच वाईट वाटलं, कारण खेळातला उन्हाळा लागायला दोनच दिवस उरले होते आणि माझी संत्र्याची दोन झाडं पहिल्यांदा फळावर येणार होती.

मी स्टारड्यू व्हॅली नावाचा व्हिडिओ गेम खेळते. वय ४६, नागपूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा सहायक, एकोणीस वर्षं झाली नोकरीला. प्लेस्टेशन ४ आम्ही २०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये मुलासाठी जुना घेतला होता. मुलगा आता पुण्यात, हिंजवडीला नोकरीला आहे. जाताना तो त्यात हा खेळ घालून देऊन गेला आणि म्हणाला, “आई, तुला आवडेल हा, शेती आहे.” माझं माहेर काटोलकडचं, संत्र्याच्या बागेतलं. हा खेळ एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसाने बनवला, चित्रं, संगीत, गोष्ट सगळं त्याचंच, आणि २०१६ मध्ये तो बाहेर आला. त्यात संत्र्याचं झाड वाढायला २८ दिवस लागतात, भोवतीची जागा मोकळी ठेवावी लागते आणि फळ फक्त उन्हाळ्यात येतं. आमच्याकडे आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे उतरतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. ते सोडलं तर झाड लावून वाट पाहण्याची गंमत तीच आहे. रात्री भांडी आवरली की तासभर मी तिथे असते.

म्हणून कंट्रोलर बिघडणं ही माझ्यासाठी छोटी गोष्ट नव्हती.

आधी मी एका चकचकीत दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलाने कंट्रोलर हातात घेतला, एकदा उलटा केला आणि म्हणाला, “ड्रिफ्ट आहे मॅडम, नवाच घ्या.” ड्रिफ्ट म्हणजे अंगठा न लावता आपोआप सरकणं. पाच हजारांच्या वर किंमत सांगितली. एक स्क्रू उघडला नाही त्याने. मग एकाने सहाशे रुपये घेतले, आत काहीतरी फवारलं आणि परत दिला. अकरा दिवस बरा चालला. बाराव्या दिवशी शेतकरीण पुन्हा कुंपणाकडे. फवारल्याने आतली धूळ तेवढ्यापुरती सरकते, झिजलेलं काही भरून येत नाही, हे मला आता कळतं. पण सहाशे घेताना त्या माणसाने ते सांगायला हवं होतं. याचा राग माझ्या मनात अजून आहे.

सीताबर्डीचं दुकान मला कॉलेजातल्या एका विद्यार्थ्याने सांगितलं. सुभाषनगरहून मेट्रो पकडली की अंबाझरीचं पाणी खिडकीतून दिसतं तेवढ्यात झाशी राणी चौक येतो. तिथून चालत मेन रोड, मग मोदी नंबर दोनच्या बाजूची गल्ली. मे महिना, पारा ४४ च्या पुढे, दुपारी गल्लीत सावलीसुद्धा गरम. दुकान पहिल्या मजल्यावर आहे आणि जिना इतका अरुंद की समोरून कोणी आलं तर एकाने मागे व्हावं लागतं. सहा बाय आठची खोली, एक कूलर, दोन टेबलं, आणि डोक्यापर्यंत प्लास्टिकच्या डब्या, प्रत्येकीवर मार्करने लिहिलेलं.

मालक पन्नाशीचे. मी अजून बोललेही नव्हते तर त्यांनी कंट्रोलर कॉम्प्युटरला जोडला. पडद्यावर दोन गोल आले, प्रत्येकात एक ठिपका. उजवीकडचा ठिपका मधोमध, डावीकडचा मध्य सोडून बाजूला, आणि हात न लावता थरथरत होता. “पाहा ताई, तुमी हात नाही लावून राहिल्या ना? तरी तो चालून राहिला. आतमधून घासलं आहे.” एवढं सांगून त्यांनी विचारलं, “खोलू का तुमच्यासमोर?”

हे वाक्य मी तोपर्यंत एकाही दुकानात ऐकलं नव्हतं.

मागचे चार स्क्रू निघाले, दोन्ही अर्धुकं अलग झाली, मधली पातळ पट्टी जपून सोडवली, बॅटरी काढली. मग त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि जुन्या एका कंट्रोलरमधून काढलेला, उघडलेला भाग दाखवला. अ‍ॅनालॉगच्या, म्हणजे अंगठ्याने हलवायच्या दांड्याच्या, खाली दोन बाजूंना दोन चौकोनी डब्या असतात, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. प्रत्येकीत कार्बनचा काळा पट्टा आणि त्यावर सरकणारी धातूची बारीक जीभ. आपण अंगठा हलवला की जीभ सरकते, व्होल्टेज बदलतं, आणि त्यावरून खेळाला कळतं कुठे जायचं. भिंगातून पट्ट्याचा मधला भाग राखाडी दिसत होता, कडेला अजून काळा कुळकुळीत.

मी एकदम म्हटलं, “हा तर पोटेन्शिओमीटर!” ते हसून म्हणाले, “तेच तर आहे.”

एकोणीस वर्षं मी बारावीच्या पोरांना एकच गोष्ट ओरडून सांगत आले आहे. पोटेन्शिओमीटर म्हणजे व्होल्टेज मोजायची लांब तार आणि जॉकी म्हणजे तिला टेकवायचा धातूचा तुकडा. तारेवर जॉकी घासू नका, उचला आणि टेकवा, उचला आणि टेकवा. घासली की तार झिजते, सगळीकडे सारखी जाडी राहत नाही आणि वाचन चुकतं. अ‍ॅनालॉगमध्ये नेमकं तेच घडतं, दर सेकंदाला, वर्षानुवर्षं. जॉकी घासण्यावाचून तिथे दुसरा मार्गच नाही. मधला भाग आधी जातो, कारण प्रत्येक हालचाल तिथूनच सुरू होते आणि तिथेच परत येते.

त्यांनी दोन पर्याय सांगितले. पहिला, तसाच नवा भाग, ४५० रुपयांत, जो पुन्हा कधीतरी झिजणार. दुसरा, हॉल इफेक्टवाला, दोन्ही बाजूंना मिळून १,४५०. त्यात काहीच काहीला घासत नाही. खाली लहानसा चुंबक फिरतो, सेन्सर चुंबकीय क्षेत्र मोजतो. एडविन हॉलने हा परिणाम १८७९ मध्ये शोधला, आमच्या प्रयोगशाळेतही त्याचं एक जुनं उपकरण आहे. आणि १९९८ मध्ये आलेल्या सेगाच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये हेच तंत्र होतं. म्हणजे न झिजणारी अ‍ॅनालॉग पंचवीसहून जास्त वर्षांपूर्वी बनवता येत होती. तरी आपण आज झिजणाऱ्या विकत घेतो आणि ड्रिफ्ट आला की नवा कंट्रोलर घ्या असं ऐकतो. मला हे योग्य वाटत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स आहे, शेतीची अवजारंसुद्धा आहेत. चांगलंच झालं. पण या मालकांना सुटे भाग अजूनही दिल्लीहून ओळखीने मागवावे लागतात. कंपनीने हा भाग सरळ विकायला ठेवला तर गावोगावी असे किती कंट्रोलर कचऱ्यात जायचे वाचतील.

मी हॉलवाला सांगितला. “दोन दिवसांत देतो,” म्हणाले. लागले पाच. तिसऱ्या दिवशी मी त्या उन्हात जाऊन परत आले, फोन करून कळवलं असतं तर फेरा वाचला असता. ही दुकानाची पहिली खोट. दुसरी, बसायला खुर्ची नाही. तिसरी, बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. मागितलं तेव्हा मात्र वहीच्या पानावर कोणता भाग टाकला, किती दिवसांची हमी, सगळं लिहून सही करून दिलं.

पाचव्या दिवशी मी गेले तेव्हा काम सुरू होतं आणि ते करत होती एक मुलगी. वीसच्या आतली, आयटीआयत इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला. मी उभी राहून पाहिलं, जवळजवळ पाऊण तास. जुना भाग बोर्डावर डझनावर पायांनी बसलेला असतो आणि एकही पाय अर्धवट सुटला तर उचलताना बोर्डावरची तांब्याची रेघ फाटते. तिने आधी प्रत्येक पायावर थोडं नवं सोल्डर, म्हणजे जोड देणारा वितळणारा धातू, लावलं. मी विचारलं, काढायचं आहे तर वर आणखी का लावतेस? ती मान न उचलता म्हणाली, “काकू, कंपनीच्या सोल्डरमधे शिसं नसते, त्याले लई गरमी लागते. आपलं मिसळलं की लवकर पातळ होते, मंग बोर्ड नाही जळत.” मग एकेका पायाशी सोल्डरिंग आयर्न टेकवून पंपाने ओढून घेतलं. राळेचा धूर कूलरच्या वाऱ्याने तिच्याच तोंडावर येत होता, ती श्वास धरून टेकवायची, ओढायची, सोडायची. शेवटी चिमट्याने भाग हलवून पाहिला आणि तो अलगद वर आला, बोर्डावरची सगळी भोकं स्वच्छ, गोल.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे मी लपवत नाही. आमच्याकडे अर्धे विद्यार्थी नावापुरते कॉलेजात असतात, दिवसभर क्लासला. परीक्षेच्या आधी आठवडाभर येतात, वाचनं एकमेकांच्या वहीतून उतरवतात. ओहमचा नियम तोंडपाठ असतो आणि ॲमीटर कुठे जोडायचा कळत नाही. त्यांना दोष देऊन मी मोकळी होणार नाही, तासच तसे लावले जातात. पण या मुलीच्या हाताला जे कळत होतं ते मी एकोणीस वर्षं शिकवायला धडपडते आहे.

बाजूला उभा असलेला एक जण मालकांशी घासाघीस करत होता, “एवढ्याशा कामाचे एवढे?” मी मध्ये बोलले. म्हटलं, भाऊ, पाऊण तास झाला मी पाहून राहिली, तुम्ही दहा मिनिटं पाहा आणि मग भाव करा. तो थांबला आणि पाहत राहिला. मालक सांगत होते की तिला प्रत्येक कामातला चौथा हिस्सा देतात. मला तो अर्धा असावा असं वाटतं, आणि मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं. “दुसरं वर्ष होऊ द्या ताई, मंग पाहू,” म्हणाले. मी पुढच्या वर्षी विचारणार आहे.

नवा भाग बसला की कॉम्प्युटरवर मध्य बसवून घ्यावा लागतो, नाहीतर चुंबकवालीही थोडी तिरकी राहते. तिने ते दोनदा केलं, पहिल्यांदा आकडा किंचित हलत होता म्हणून. दोन्ही ठिपके मधोमध येऊन स्थिर झाले तेव्हाच पाठ बंद केली.

आता वापरून सात आठवडे झाले. डाव्या अ‍ॅनालॉगची स्प्रिंग आधीपेक्षा कडक आहे, पहिले चार दिवस अंगठा दुखला, मग सवय झाली. वरचं रबर जुन्यापेक्षा गडद आहे, मला त्याचं काही नाही. ड्रिफ्ट शून्य. उन्हाळा लागला त्या दिवशी दोन्ही झाडांखाली उभी राहिले आणि शेतकरीण मी थांबवली तिथेच थांबली.

शाळेपासूनच्या एका मैत्रिणीने हे ऐकून विचारलं, “तू पण पैसे लावते का?” ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हापासून गेम म्हटलं की लोकांना तेवढंच आठवतं. त्या खेळांनी घरं बसली आहेत, बंदी मला पटते. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स आणि साधे खेळ वेगळे धरलेत, हे मी तिला समजावलं, आणि रविवारी घरी बोलावून तिच्या हातात कंट्रोलर दिला. तिने कोंबड्यांना चारा घातला, दीड तास उठली नाही.

जाणाऱ्यांसाठी: रविवारी बंद. गल्लीत गाडी लावायला जागा नाही, मेट्रोनेच जा. मायक्रो-यूएसबीची वायर सोबत न्या, त्यांच्याकडची ढिली आहे. काढलेला जुना भाग मागून घ्या, देतात. माझा प्रयोगशाळेच्या काचेच्या कपाटात रिओस्टॅटशेजारी ठेवला आहे. आणि काम त्या मुलीच्याच हातात द्या, सकाळी ती आयटीआयत असते, दुकानात चारनंतर येते.